पावसाच्या रेघेवर

जुलैतला रविवार, पहाटेचे साडेपाच, नाशिकचा मुंबई नाका. चहाच्या टपरीपाशी दोन घोळके उभे असतात. एका घोळक्याच्या अंगावर रेनकोट, सॅकवर प्लास्टिकचं आवरण, मोबाइल दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून आत खोल कोंबलेला. दुसऱ्या घोळक्याच्या डोक्यावर कापडी टोप्या, गळ्यात पंचे आणि प्रत्येकाकडे पाण्याची एक बाटली जादा. पहिले निघालेत इगतपुरीकडे, दुसरे चांदवडकडे. महामार्ग एकच, मुंबई-आग्रा. तोंडं तेवढी विरुद्ध दिशांना. चहा संपतो, पैसे कुणी द्यायचे यावरून थोडी ओढाताण होते आणि एकाच गावातली ही माणसं दोन वेगळ्या ऋतूंत निघून जातात.

पहिल्यांना घाटनदेवीच्या आसपास पुढच्या ट्रकचा मागचा दिवासुद्धा धड दिसणार नाही. दुसऱ्यांना चांदवडच्या डोंगरांपाशी चक्क ऊन भेटेल. तिथेही आभाळात ढग असतील, पण ते घाईत असल्यासारखे पुढे पळणारे. त्यांच्याकडचं द्यायचं ते सगळं त्यांनी मागेच देऊन टाकलेलं असतं.

इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. नाशिक शहरात तो सातशेच्या आसपास येतो आणि मालेगावात पाचशेवर रेंगाळतो. इगतपुरी ते मालेगाव हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर, म्हणजे एसटीने अर्धा दिवस. अरबी समुद्रावरून आलेला वारा कोकण ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीला धडकतो, वर चढतो, थंडावतो आणि घाटमाथ्यावर रिता होतो. शाळेच्या भूगोलात एका आकृतीत आटोपलेली ही गोष्ट नाशिक जिल्ह्यात मात्र घराच्या छपरापर्यंत आणि ताटातल्या भाकरीपर्यंत पोचलेली दिसते. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे कुडाच्या भिंती आणि पाणी झरझर वाहून जावं म्हणून उतरती कौलं. मालेगाव, बागलाणकडे जुन्या गावांत सपाट मातीच्या धाब्याची घरं, ज्यांच्यावर उन्हाळ्यात वाळवणं पडतात आणि रात्री अंथरुणं. तिकडे भात, नागली, वरई; इकडे बाजरी आणि कांदा. मधल्या दिंडोरी-निफाडच्या पट्ट्याने द्राक्षं घेतली. पायी भटकणाऱ्याला पावसाची ही रेघ कुठे ओलांडली ते कुणी सांगावं लागत नाही. दुपारी ज्या घराच्या ओसरीवर तो टेकतो, तिथल्या भाकरीच्या रंगावरून त्याला ते समजतं.

अशीच टोकं एकमेकांना लागून नांदतात ती जगाच्या दुसऱ्या बाजूला. एका देशात वाळवंट, हिमनद्या, ज्वालामुखी, जंगल आणि समुद्र असं सगळं पाहायला मिळतं म्हणून जगभरचे भटके दक्षिण अमेरिकेकडे ओढले जातात. चिलीचंच घ्या. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ४,३०० किलोमीटर आणि रुंदी सरासरी दोनशेच्याही आत. वरच्या टोकाला अटाकामा, ध्रुवप्रदेश सोडले तर जगातलं सर्वांत कोरडं वाळवंट. खालच्या टोकाला पातागोनियातले बर्फाचे पट्टे आणि तोरेस देल पाइनेचे ग्रॅनाइटचे सुळके. तिथल्या वाटा चालून आलेले लोक सांगतात की सामान बांधताना सगळ्यांत मोठी पंचाईत कपड्यांची होते. एकाच प्रवासात उन्हाची टोपी आणि बर्फातले हातमोजे दोन्ही लागतात.

त्या खालच्या टोकाला जे घडतं ते नाशिककराला फार परकं वाटायला नको. प्रशांत महासागरावरून येणारे पश्चिमी वारे अँडीजवर आपटतात, चिलीच्या बाजूला वर्षभर पाऊस ओततात, तिथे दाट, शेवाळलेली जंगलं उभी राहतात. पर्वत ओलांडून अर्जेंटिनात उतरावं तर मैलोन् मैल खुरटं गवत, धूळ आणि वारा. तीच आकृती, तोच न्याय, फक्त मोजमाप मोठं. बरंच उत्तरेला, त्याच पर्वताच्या कोरड्या कुशीत मेंदोसाचे द्राक्षमळे आहेत. बर्फाचं वितळलेलं पाणी पाटांनी आणून पोसलेले. दिंडोरीच्या बागायतदाराला वाघाड आणि करंजवणची धरणं जी, ती मेंदोसाच्या शेतकऱ्याला अँडीजवरची हिमशिखरं. डोंगराने पाऊस अडवावा आणि मग त्याच डोंगराचं पाणी मागून आणून कोरड्या बाजूला द्राक्षं पिकवावीत, हा उद्योग दोन्ही खंडांत माणसाला सारखाच सुचला.

उंचीची बरोबरी करायला जाऊ नये. कळसूबाई १,६४६ मीटर. चार कळसूबाया एकीवर एक रचल्या तरी अर्जेंटिनाचा अकोंकाग्वा पावणेचारशे मीटर वर उरेल. तो ६,९६१ मीटरचा आहे. शिवाय दोघांची जातकुळीही निराळी. समुद्राखालचा नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकेच्या खाली घुसतो आहे, त्या रेट्याने अँडीज उभा राहिला आणि त्याचे ज्वालामुखी अजून जागे आहेत. सह्याद्रीचं वय सरलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा दूध उतू जावं तसा पुनःपुन्हा बाहेर आला, थरावर थर साचले, थिजले आणि त्या पठाराची पश्चिमेकडची तुटकी कड म्हणजे आपला घाटमाथा. वर चढणं त्याचं केव्हाच थांबलं आहे, आता पावसागणिक झिजणं. ट्रेकरच्या दृष्टीने या झिजण्याचाच सगळा उपकार. मऊ थर खचला, कठीण थर उभा राहिला, म्हणून इथे कडे आहेत, माच्या आहेत, कातळटप्पे आहेत आणि एका जिल्ह्यात साठच्या आसपास किल्ले आहेत.

त्यांतला हरिहर सध्या फार प्रसिद्धीत आहे. त्र्यंबकच्या पश्चिमेला, निरगुडपाड्याहून किंवा हर्षेवाडीहून वर चढलं की सोंडेच्या टोकाला तो जिना समोर येतो. जवळजवळ उभ्या कातळात कोरलेल्या अरुंद पायऱ्या. पाऊल आडवं ठेवलं तर मावतं, सरळ ठेवलं तर टाच बाहेर राहते. प्रत्येक पायरीच्या दोन्ही बाजूंना हाताची बोटं अडकतील अशा खोबण्या. शेकडो वर्षांच्या तळव्यांनी त्या खोबण्यांच्या कडा गुळगुळीत केल्या आहेत आणि पावसाळ्यात त्यांत बोटभर पाणी साचलेलं असतं. चढणाऱ्याचं नाक पुढच्या पायरीपासून वीतभर अंतरावर. त्याला तिथे दरी दिसत नाही, दिसतो तो कातळाचा करडा पोत, त्यातले पांढरे ठिपके, हिरव्या शेवाळाची एक रेघ आणि पुढच्याचे बूट. पायऱ्या संपल्या की दरवाजा, मग कातळाच्या पोटाखालून वाकून जाणारी आडवी वाट आणि पुन्हा पायऱ्या. वर गेल्यावर पाण्याचा तलाव, मारुती, महादेव आणि एक दगडी कोठार.

१८१८मध्ये कॅप्टन ब्रिग्ज इथे आला तेव्हा पेशवाईचा शेवट चालू होता आणि इंग्रज त्र्यंबकच्या परिसरातले किल्ले एकामागून एक ताब्यात घेत होते. या जिन्यापुढे मात्र त्याची मती गुंग झाली. भिंतीला टेकवलेल्या उभ्या शिडीपलीकडे त्याला उपमा सुचली नाही. १८८३च्या नाशिक गॅझेटियरात ते नोंदलं गेलं आहे. त्या धामधुमीत अलंग-मदनसारख्या गडांच्या पायऱ्या सुरुंगांनी उडवल्या गेल्या, म्हणून आज तिथे रोप लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हरिहरचा जिना वाचला. कारण काय ते ज्याने त्याने आपापल्या स्वभावाप्रमाणे ठरवावं. गावकरी म्हणतात, साहेबाला तो आवडला.

याच किल्ल्याच्या एका उभ्या कड्याला गिर्यारोहक स्कॉटिश कडा म्हणतात. एव्हरेस्टच्या नैऋत्य भिंतीवरून १९७५मध्ये माथ्यावर पोचलेले डग स्कॉट १९८६मध्ये इथे आले आणि हा कडा त्यांनी दोन दिवसांत चढला, असं नाशिकचे जुने प्रस्तरारोहक सांगतात. स्कॉट मूळचे इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे, पण कड्याचं नाव बदलायला आता कुणी जाणार नाही. जगातल्या सर्वोच्च शिखरावर जाऊन आलेल्या माणसाला निरगुडपाड्याच्या डोक्यावरचा हा काळा बेसॉल्ट दोन दिवस पुरला, एवढी गोष्ट इथल्या पोरांना मिशीला पीळ द्यायला पुरेशी आहे.

आता पोरं फारच झाली आहेत. त्या जिन्याचे व्हिडिओ फोनाफोनांतून फिरले आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पायऱ्यांवर रांग लागू लागली. चढणारे आणि उतरणारे एकाच अरुंद वाटेवर समोरासमोर, मध्येच कुणी फोटोसाठी वळलेला, खाली कुणी घाबरून जागीच बसलेलं. शेवटी वन विभागाला गर्दीवर निर्बंध आणावे लागले. ही डोकेदुखी इथलीच नाही. पेरूत माचू पिचूकडे जाणाऱ्या इंका वाटेवर दिवसाला पाचशे माणसांनाच सोडतात आणि त्या पाचशेत वाटाडे आणि हमालही धरलेले असतात. फेब्रुवारीत पावसापायी ती वाट पूर्ण बंद ठेवतात आणि डागडुजी करतात. हरिहरच्या पायथ्याशी भजी, मॅगी आणि लिंबूपाणी विकणाऱ्या बायांना असा एखादा बंद महिना परवडेल का, हा प्रश्न पाचशेच्या आकड्याइतकाच खरा आहे.

भज्यांवरून शिदोरीची आठवण निघते. किल्ल्याच्या दरवाजात, वारा अडेल अशा कोपऱ्यात डबे उघडले जातात तेव्हा त्यांत बहुतेक ठरलेल्याच गोष्टी असतात. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची कोरडी भाजी, एखाद्याकडे टोमॅटोची कोशिंबीर, शेवटी चिक्की. इतकं मऱ्हाटी जेवण दुसरं नाही, असं खाणाऱ्याला मनापासून वाटत असतं. पण बटाटा पहिल्यांदा लावला गेला तो पेरू-बोलिव्हियाच्या उंच पठारावर, तितिकाका सरोवराच्या परिसरात. भुईमूग बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या बाजूचा. टोमॅटोचे रानटी भाऊबंद आजही पेरू आणि इक्वेडोरच्या डोंगरउतारांवर उगवतात. मिरचीचं घराणं अँडीजच्या अंगाखांद्यावरचं, आपल्या ठेच्यातली जात मेक्सिकोत माणसाळलेली. ही सगळी मंडळी पोर्तुगीजांच्या जहाजांतून समुद्र ओलांडून आली आणि काही पिढ्यांत इथली होऊन गेली. डब्यातून ती काढून घेतली तर उरते नागलीची किंवा बाजरीची भाकरी, आणि त्याही मूळच्या आफ्रिकेच्या. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेट मोजणाऱ्या हमालाला किंवा हरिहरच्या बुरुजावर ठेच्यापायी नाक पुसणाऱ्या पोराला याचं सोयरसुतक नाही, असायचं कारणही नाही. पण सॅकमधल्या डब्यानेच आपल्यापेक्षा कितीतरी लांबचा प्रवास केलेला असतो, ही गंमत उरतेच.

हरिहरहून नाशिककडे परतताना अंजनेरी लागते. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून भाविक येतात, वर सीतेची गुंफा आणि अंजनी मातेचं देऊळ आहे, कड्यांच्या कपारीत लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. पण ऑगस्ट-सप्टेंबरात काही माणसं इथे मान खाली घालून, गुडघ्यांवर रांगत फिरताना दिसतात. ती एका कंदीलपुष्पाच्या शोधात असतात. सेरोपेजिया अंजनेरिका या नावाने ही वनस्पती २००६मध्ये शास्त्राच्या वहीत नोंदली गेली. गवताइतकीच उंच, फूल बोटाच्या पेराएवढं. खाली फुगीर, वर अरुंद नळी आणि टोकाशी पाकळ्या जुळून झालेला छोटासा पिंजरा. या कुळातल्या फुलांची युक्ती मोठी बेरकी असते. वासाला भुलून चिलट नळीत शिरतं. आतल्या केसांची टोकं खालच्या दिशेला वळलेली असल्यामुळे आत जाणं सोपं, बाहेर येणं अशक्य. चिलट रात्रभर आत धडपडतं, परागकणांनी माखतं, आणि मग केस सुकतात, फूल मान टाकतं आणि कैदी सुटून पुढच्या फुलाकडे जातो. बहुधा पुन्हा फसायला. २०१७मध्ये या डोंगराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. कड्यावरच्या वाटेने धावत सुटलेल्या ट्रेकरच्या बुटाखाली हे फूल आलं तर त्याला काही जाणवणारही नाही. अंजनेरीवर सावकाश चालण्याला अशी किंमत आहे.

याच पावसाळी पट्ट्याची दुसरी बाजू मार्च-एप्रिलात दिसते. तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस ज्या डोंगरांवर कोसळतो, ते बेसॉल्टचे डोंगर पाणी धरून ठेवत नाहीत. सगळं वाहून जातं आणि होळीनंतर विहिरी तळ दाखवतात. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बायका तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी ओंडक्यावरून डोक्यावर हंडे घेऊन जात असत. ती छायाचित्रं छापून आली, गाजली, २०२२च्या सुरुवातीला तिथे लोखंडी पूल बसला आणि त्याच पावसाळ्यात पुराने तो वाहून गेला. शहरातली माणसं कमरेला हार्नेस आणि डोक्याला हेल्मेट लावून, पैसे भरून अशाच घळी ओलांडायला जातात. चिलीतही असंच एक पाण्याला मुकलेलं गाव होतं, चुंगुंगो. तिथे पाऊस जवळजवळ नाहीच, पण समुद्रावरून दाट धुकं येतं. गावाच्या वरच्या एल तोफो डोंगरावर मोठमोठ्या जाळ्या उभारल्या गेल्या, धुक्यातले थेंब त्यांवर अडकले, पन्हाळीतून नळाला लागले आणि १९९०च्या दशकात काही वर्षं गाव त्या पाण्यावर जगलं. पुढे जाळ्यांची निगा राहिली नाही. इथे पूल गेला, तिथे जाळ्या गेल्या. पाण्याच्या बाबतीत बांधणं सोपं, टिकवणं अवघड, याचा अनुभव दोन्ही डोंगरांनी घेतला.

धावपटू कविता राऊत जिल्ह्याच्या या पावसाळी बाजूची. हरसूलजवळचं सावरपाडा हे तिचं गाव. चढउतारांच्या वाटांवर पायी शाळा, घरचं पाणी भरणं आणि अनवाणी धावणं, कारण धावायला काही विकत घ्यावं लागत नाही. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिने कांस्य मिळवलं, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. महाराष्ट्र तिला सावरपाडा एक्स्प्रेस म्हणू लागला. आणि २०१६मध्ये ती ऑलिंपिकच्या मॅरेथॉनसाठी रिओ दि जानेरोला गेली.

त्याच रिओत नाशिक जिल्ह्यातला आणखी एक जण होता, रेघेच्या दुसऱ्या बाजूचा. दत्तू भोकनळ, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. टँकरची वाट पाहणारा तो मुलूख, घरचं काम विहिरी खोदण्याचं. सैन्यात भरती झाल्यावर पुण्यात त्याच्या हाती वल्हं आलं. जिथे पाणी दिसायला खाली वाकावं लागतं तिथला हा मुलगा कॉर्कोवादोच्या पायथ्याच्या सरोवरात, डोंगरावरच्या ख्रिस्ताच्या पुतळ्याच्या नजरेखाली, एकट्याची नौका वल्हवत तेरावा आला. दोन वर्षांनी आशियाई स्पर्धेत, पालेमबांगला, चौघांच्या नौकेत सुवर्ण. पावसाच्या मुलखातली पोर कोरड्या डांबरावर धावायला आणि दुष्काळातला पोर पाण्यावर तरंगायला, दोघंही दक्षिण अमेरिकेत. नाशिकच्या भूगोलाने एवढा खट्याळपणा करायला नको होता.

दत्तूच्या बाजूच्या भटकंतीची चव निराळी असते. तिथे धुकं नाही, धबधबे नाहीत, सेल्फीची गर्दी नाही. अनकाई-टनकाईच्या जोडगोळीवर जाताना पायथ्याशी रेल्वेचं छोटं स्थानक, टनकाईच्या पोटात जैन लेणी, अनकाईच्या माथ्यावर अगस्तींचं स्थान आणि समोर मनमाडच्या पठारावर उभा असलेला हडबीच्या शेंडीचा एकाकी सुळका. दगड इथे उन्हाने इतका तापतो की मार्चनंतर हात टेकवताना विचार करावा लागतो. खाली येवला तालुक्यात ममदापूरच्या माळावर काळवीट, जे इगतपुरीच्या भाताच्या खाचरांत स्वप्नातही दिसणार नाहीत. आणि या कोरडेपणाच्या ऐन काठावर, गोदावरी आणि कादवाच्या संगमाजवळ, नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय. हिवाळ्यात सायबेरिया-मध्य आशियाकडून आलेली बदकं तिथे उतरतात. २०२०मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला, महाराष्ट्रातला पहिला. तिथला नावाडी दुर्बिणीशिवाय, केवळ उडण्याच्या ढबीवरून पक्षी ओळखतो आणि पाहुण्याला फक्त एवढंच बजावतो की बोलू नका.

ओल्या आणि कोरड्या मुलखांच्या मधून सातमाळ्याची रांग जाते. मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, राजदेहेर, इंद्राई अशी नावं घेत ती पूर्वेकडे मनमाडच्या दिशेला उतरते. धोडप तिचा राजा. त्याच्या माथ्यालगत कातळाची एक अरुंद भिंत लांबवर गेलेली आहे आणि तिच्यात मधेच एक चौकोनी खाच. जमिनीच्या भेगेत वर चढून तिथेच थिजलेला लाव्हा, म्हणजे डाइक, भोवतालचा खडक झिजल्यावर असा उघडा पडला. हट्टी गावातून चढणारे त्या भिंतीच्या टोकाशी बसतात तेव्हा दोन्ही बाजूंना थेट हवाच असते. १७६८मध्ये याच गडाच्या पायथ्याशी पुतण्या माधवरावाने काका राघोबाला हरवलं. भाऊबंदकीलासुद्धा जागा कशी निवडावी याचं भान असणारी माणसं होती.

सातमाळ्याच्या धारेवर पाऊस पडला की त्याच्या वाटण्या होतात. दक्षिण उतारावरचा थेंब गोदावरीला मिळतो आणि आंध्रापर्यंतचा प्रवास करत बंगालच्या उपसागरात जातो. उत्तर उतारावरचा गिरणेत, तिथून तापीत आणि सुरतेजवळ अरबी समुद्रात. सुरगाणा-पेठेत पडलेला थेंब नार, पार किंवा दमणगंगा धरतो आणि लगेच उतरून गुजरातच्या किनाऱ्याला लागतो. ब्रह्मगिरीवर तर गोदावरी पूर्वेला आणि वैतरणा पश्चिमेला, एकाच डोंगरगटाच्या दोन लेकी. त्या माथ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या छत्रीच्या दोन टोकांवरून ओघळणारं पाणी कोणत्या समुद्राला जाईल हे वाऱ्याच्या एका झुळकीवर ठरू शकतं.

उत्तरेला, गुजरातच्या हद्दीवर, साल्हेर उभा आहे. १,५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. १६७२मध्ये त्याच्या पायथ्याच्या मोकळ्या मैदानात मराठ्यांनी मोगलांच्या मोठ्या फौजेला समोरासमोर हरवलं. सूर्यराव काकडे तिथे पडले. २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे जे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून स्वीकारले, त्यांत साल्हेर आहे. माथ्यावर परशुरामाचं छोटं देऊळ, आणि तिथून दिसणारं दृश्य म्हणजे साऱ्या जिल्ह्याचा सारांश. पश्चिमेला डांगचं गर्द, घड्या पडलेलं जंगल. पूर्वेला मोसम नदीचं खोरं, उन्हात पिवळं पडलेलं, डाळिंबाच्या बागांचे हिरवे चौकोन असलेलं. मध्ये वाऱ्याने ताठ उभी असलेली परशुरामाची भगवी पताका.

त्या पश्चिमेच्या जंगलातून वाहून जाणारं नार-पारचं पाणी उचलून, डोंगराखालून बोगद्याने, पूर्वेला गिरणेच्या खोऱ्यात आणायची योजना आहे. राज्य सरकारने २०२४मध्ये तिला मंजुरी दिली. सुरगाण्याच्या पाड्यांवर तिची चर्चा होते ती धरणात कुणाची शेतं जाणार याची, आणि मालेगावात होते ती किती आवर्तनं मिळणार याची. साल्हेरवाडीतली वाट दाखवणारी मुलं दोन्हीकडच्या बातम्या ऐकून असतात. पाहुण्यांना वर नेताना पहिल्या दरवाजापाशी ती थांबतात, पश्चिमेकडे बोट करतात, कुठून बोगदा निघेल आणि कुठे तो फुटेल ते सांगतात. त्यांच्यात एकमत नसतं. एक म्हणतो त्या सोंडेच्या अलीकडून, दुसरा म्हणतो छे, केमच्या डोंगराकडून, आणि दोघं वाद घालत पुढच्या पायऱ्या चढू लागतात. पाहुण्यांना दम लागलेला असतो, ते मागे राहतात आणि बाटलीतलं शेवटचं पाणी कुणी प्यायचं याचा हिशोब करतात.